कालव्यातल्या जुन्या बोटीचा तळ: एल्म की पोलाद?

तांडेल_नव्हे | ३ मार्च, रात्री १०:४०

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतो.

कॉव्हेन्ट्रीजवळ राहतो, बस दुरुस्तीच्या गॅरेजात काम करतो. सहा वर्षांपूर्वी तीन इंग्रज मित्रांबरोबर एका जुन्या मालवाहू बोटीत चौथाई हिस्सा घेतला. घरी तिला ‘भाकड म्हैस’ म्हणतात. चारा भरपूर, दूध शून्य.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे कालवा म्हटलं की पाटबंधारे खातं आणि आवर्तन डोळ्यासमोर येतं. इथले कालवे माल वाहायला खणलेले. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला, वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे निघाला, आणि पुढची साठ-सत्तर वर्षं देशभर खणाखणी चालली. जेम्स ब्रिंडलीने मधल्या इंग्लंडात जे कालवे आखले त्यांची लॉक्स पाणी आणि पैसा वाचवायला जेमतेम ७ फूट रुंद आणि ७२ फूट लांब ठेवली. (लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली पाण्याची खोली. ती भरली की बोट वर चढते, रिकामी केली की खाली उतरते.) त्यामुळे बोटीही त्याच मापाच्या झाल्या. दोन एसट्या एकामागे एक उभ्या केल्या तर साधारण तेवढी लांबी होईल, रुंदीला मात्र एसटीपेक्षा कमी. रस्त्यावर टनभर ओढताना घोड्याच्या तोंडाला फेस यायचा. तोच घोडा कालव्याच्या काठाने चालत २५ टन आरामात ओढायचा.

आमची बोट १९१३ ची, बर्मिंगहॅमच्या सॉल्टली गोदीत बांधलेली. मूळ मालक फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन ही बडी वाहतूक कंपनी. जोशुआ फेलोजच्या नावावरून तिच्या बोटींना लोक अजून ‘जॉशर’ म्हणतात. बाजू रिव्हेट मारलेल्या घडीव लोखंडाच्या आणि तळ एल्मच्या लाकडाचा, ३ इंच जाड फळ्या आडव्या टाकलेल्या. लोखंड आणि लाकूड असा जोडबांधा त्या काळी नेहमीचा.

गेल्या आठवड्यात ड्राय डॉकला घेतली. पाणी ओसरलं, बोट ओंडक्यांवर टेकली. मी कोपरांवर सरपटत खाली शिरलो आणि हातोडीने एकेक फळी वाजवत गेलो. काळ्याकुळकुळीत, बुळबुळीत फळ्या, पण आवाज टणटणीत. मी खूश. मग आत येऊन जमिनीखालच्या फरशा उचलल्या. १९७० च्या दशकात कुणीतरी मालाच्या जागेवर पूर्ण लांबीची खोली चढवली तेव्हा वजनासाठी या फुटपाथच्या फरशा तळावर मांडल्या होत्या. एक फरशी उचलली आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला. पिकल्या पपईत सुरी जावी तसा मुठीपर्यंत आत गेला.

म्हणजे कालव्याच्या बाजूने फळी शाबूत, माणसांच्या बाजूने कुजलेली. शॉवरची गळती आणि खिडकीतून झिरपलेला पाऊस, दोन्ही पन्नास वर्षं त्या फरशांखाली साचत राहिले. चार वर्षांपूर्वी ज्या यार्डात ब्लॅकिंग (बोटीला बाहेरून काळा संरक्षक लेप) करून घेतलं त्यांनी ‘तळ उत्तम’ असं लेखी दिलं होतं. एकही फरशी हलवली नव्हती, हे आता कळलं.

आता प्रश्न. पन्नासच्या आसपास फळ्या बदलायच्या आहेत. मार्ग दोन. १) पुन्हा एल्म. २) सगळं लाकूड काढून १० मिलिमीटरचा पोलादी पत्रा मारायचा, जसा बहुतेक जॉशरना कधी ना कधी मारलेला आहे. हिस्सेदारांत मतं २-२. माझं मत रोज बदलतं.

शंकासुर | ३ मार्च, रात्री ११:१५

पत्रा मारा आणि झोपा. यात धागा काढण्यासारखं काय आहे?

पाण्याखालचा तळ कुणाला दिसणार आहे? वरून रंगरंगोटी तीच राहील. उगाच भावनेच्या भरात चौपट खर्च.

मृण्मयी | ४ मार्च, सकाळी ७:०५

‘माणसांच्या बाजूने कुजलेली’ हे वाचून चहा थांबला. फोटो टाका की!

एल्म म्हणजे आपल्याकडचं कुठलं झाड? आणि सागवान का नाही चालणार?

वेंगुर्लेकर | ४ मार्च, सकाळी ९:३०

तांडेल_नव्हे, तुमची गोष्ट वाचून आजो आठवला. होड्या बांधायचा. त्याचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ: ‘होडी उन्हात मरता, पाण्यात नाय.’

खारं पाणी लाकडाला सांभाळतं, पावसाचं गोडं पाणी खातं. म्हणून पावसाळ्यात होडी वर ओढली की पहिलं काम झापांचं छप्पर. आतल्या कोपऱ्यात पाणी साचलं तर आजो आम्हा पोरांना करवंटी देऊन बसवायचा, शेवटचा थेंब निघेपर्यंत सुटका नाही. बाहेरून माशाचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल, नाहीतर डांबर. वासाने शेजारी वैतागत.

पण तुमचं कालव्याचं पाणी गोडंच ना? मग खालून फळी कशी वाचली?

तांडेल_नव्हे | ४ मार्च, दुपारी १:२०

काका, तीच तर एल्मची खुबी. कायम पाण्याखाली राहिलं तर पाणी गोडं असलं तरी ते कुजत नाही, कारण कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. ओलं-सुकं-ओलं झालं की मात्र संपलं. जुन्या लंडनमध्ये जमिनीखालचे पाण्याचे नळ एल्मची खोडं पोखरून केलेले होते. शिवाय याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. कडेला जाड खिळा ठोकला तरी फाटत नाही. बोट उथळ जागी दगडविटांवर घासली तर वरची साल निघते, फळी चिरत नाही. इथल्या कालव्यांच्या तळाशी सायकली आणि सुपरमार्केटच्या ट्रॉल्या निवांत पडलेल्या असतात, त्यामुळे हा मुद्दा पुस्तकी नाही.

मृण्मयीताई, सागवान उत्तम, पण इथे त्याच्या किमतीत माझं घर येईल. आपल्याकडचा वावळ एल्मच्याच कुळातला, एवढं नातं सांगता येईल. खरी अडचण अशी की १९७० च्या दशकात डच एल्म रोगाने या देशातली एल्मची झाडं लाखांनी मारली. पानं पिवळी पडून एका उन्हाळ्यात झाड उभ्या उभ्या मरायचं. आता ७ फूट लांब आणि तीन इंच जाड फळी निघेल असं खोड मिळवायचं म्हणजे मुलीसाठी स्थळ शोधण्यासारखं आहे, चारही दिशांना शब्द टाकून ठेवावा लागतो. काही जण ओक वापरतात, काही बाहेरची कठीण लाकडं.

शंकासुर, ‘कुणाला दिसणार’ यावर रात्री लिहितो. बस उभी आहे.

ठोकपीट | ४ मार्च, संध्या. ६:४५

निवृत्त फिटर, नाशिक. बोटीतलं कळत नाही, लोखंडातलं थोडं कळतं.

१. घडीव लोखंड आणि आजचं पोलाद हे सख्खे भाऊ नव्हेत. घडीव लोखंडात मळीचे धागे असतात, लाकडासारखा थर-थर पोत असतो. गंज त्या थरांशी अडखळतो, म्हणून शंभर वर्षांचे पत्रे अजून उभे आहेत. पण त्याला वेल्ड मारताना फार जपावं लागतं. उष्णतेने वरचा थर सुटून येतो आणि वेल्ड दिसायला छान, धरायला शून्य.

२. जुन्या लोखंडाला नवा पत्रा जोडून पाण्यात ठेवला की दोघांत विजेचा छोटा संसार सुरू होतो आणि एकजण दुसऱ्याला खातो. त्यासाठी काय करता?

३. बाजूच्या पत्र्याची जाडी मोजली का? ते आकडे आधी द्या. तळ नवा आणि भिंत पोकळ असं व्हायला नको.

तांडेल_नव्हे | ४ मार्च, रात्री १०:१०

ठोकपीटकाका, दंडवत. तुम्ही इथे हवे होतात.

जाडी अल्ट्रासाउंडने मोजली. मूळ पाव इंच, म्हणजे सहाच्या वर. आता बहुतेक जागी ४.८ ते ५.३ मिमी. पाण्याच्या रेषेवर मागच्या बाजूला दोन ठिकाणी ४.१, तिथे खड्डे आहेत. इथल्या विमा कंपन्या साधारण ४ मिमीला भुवया उंचावतात, त्यामुळे आम्ही काठावर पास. पाण्याची रेषा ही कायमची दुखरी जागा: हवा, पाणी आणि लॉकच्या भिंतीचं घासणं, तिन्ही तिथेच.

विजेच्या संसारासाठी मॅग्नेशियमचे ठोकळे लावतात, आधी ते झिजतात आणि बोट वाचते. समुद्रात जस्त, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. काठावरची वीज जोडलीत तर मध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (काठाच्या तारेतून येणारा असा बारीक प्रवाह अडवणारी डबी) हवाच, नाहीतर शेजारच्या बोटीचा गंज तुमच्या खात्यावर जमा होतो.

ब्लॅकिंगही सांगतो. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर, उच्च दाबाच्या पाण्याने शेवाळ आणि शिंपले उडवायचे, खरवडायचं, मग बिट्युमेनचे दोन-तीन हात. हल्ली इपॉक्सी मारतात, ते जास्त टिकतं, पण आधी धातू सँडब्लास्ट करून पांढराशुभ्र लागतो. रिव्हेटच्या जुन्या बोटीला मी बिट्युमेनच देईन. ओल्या गंजावर इपॉक्सी म्हणजे जखमेवर टिक्सो.

शंकासुर, आता तुमचं. तळ कुणाला दिसत नाही हे खरं. पुण्यात वाडा पाडून बारा मजले चढवतात आणि जुना दिंडी दरवाजा सोसायटीच्या गेटला लावतात. त्यालाही ‘वारसा जपला’ म्हणतात. मला दिंडी दरवाजावाला व्हायचं नाही, एवढंच.

शंकासुर | ४ मार्च, रात्री १०:३१

वाड्याचं उदाहरण उलटवतो. वाडा जसाच्या तसा ठेवायचा म्हणून कित्येकांनी दुरुस्तीच केली नाही, आणि एका पावसात तो बसला. पत्रा मारलेली बोट पाण्यावर तरी राहील. परवडत नाही म्हणून डॉकमध्ये कुजलेली अस्सल बोट काय चाटायची?

आणि अस्सल म्हणजे कुठल्या सालची? इंजिन मूळ आहे का? रंग मूळ आहे का? खोली तर १९७० मधली. मग तळालाच सोवळं का?

अभ्या_रॉटरडॅम | ५ मार्च, पहाटे ५:५०

शंकासुर यांच्याशी निम्मा सहमत. इकडे नेदरलँड्समध्ये जुन्या मालवाहू बोटी शेकड्यांनी तरंगताहेत आणि त्यातल्या बऱ्याच कधीतरी नव्या पत्र्यात गुंडाळलेल्या आहेत. पण फ्रीजलंडमध्ये ‘स्कूट्श्ये’ नावाच्या शिडाच्या मालवाहू बोटींच्या दर उन्हाळ्यात शर्यती होतात, पूर्वी खत, माती आणि बटाटे वाहायच्या त्याच या बोटी. शर्यत आहे म्हणून डागडुजी होते, गावागावांत चुरस आहे म्हणून पैसा निघतो. पठ्ठे त्यांना काचेत ठेवत नाहीत. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: तुम्ही तिचं करणार काय? राहणार, फिरणार, की माल वाहणार?

मृण्मयी | ५ मार्च, सकाळी ७:२०

मलाही हेच विचारायचं होतं. आणि या बोटींवर कुटुंबं राहायची ना? बायका-मुलं कुठे झोपायची? काही लिहा, नुसतं लोखंड वाचून घसा कोरडा पडला.

तांडेल_नव्हे | ५ मार्च, रात्री ९:००

मृण्मयीताई, मागच्या टोकाला साधारण १० फूट लांब केबिन. बाकी सगळी जागा मालाची, कारण भाडं मालाचं मिळायचं. रेल्वे आली, दर पडले, काठावरचं घर परवडेना, म्हणून कुटुंबं बोटीवर आली. केबिनमध्ये शिरलं की डाव्या हाताला छोटी कोळशाची शेगडी, तिच्यापुढे उभं कपाट. त्याची झडप पाडली की टेबल. उजवीकडे बाक, तोच एक पलंग. मागे आडवी फळी उघडली की नवरा-बायकोचा पलंग. सकाळी सगळं मिटवून ठेवायचं, नाहीतर उभं राहायला जागा नाही. १८७७ मध्ये कायदा आला, बोटींची नोंदणी आणि आत किती माणसं राहणार याची मर्यादा ठरली. त्याआधी काय असेल याचा विचारच नको.

कपाटांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले. किल्ला, पूल, तळं, होडी, पुन्हा गुलाब. पाण्याच्या कॅनवरही तेच. कडेने लेसच्या पट्ट्या, भोकांच्या किनारीच्या बशा टांगलेल्या आणि पितळी मुठी रोज घासलेल्या. आमच्या आजीची भांड्यांची मांडणी जिने पाहिली असेल तिला हे घर अर्ध्या मिनिटात कळेल.

मोटरबोटीमागे बिनइंजिनाची दुसरी बोट ओढायचे, तिला ‘बटी’ म्हणतात. बटीच्या सुकाणूवर अनेकदा बाईच उभी असे, काखेत पोर आणि शेगडीवर रस्सा.

हे सगळं किती अलीकडे संपलं ते बघा. १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, आणि ट्रकवर गेलेला माल परत आलाच नाही. नियमित लांब पल्ल्याची शेवटची फेरी अॅथरस्टोनहून साउथॉलच्या जॅम कारखान्याला कोळसा नेणारी, ऑक्टोबर १९७० मध्ये थांबली. त्या शेवटच्या दिवसांत धावलेली ‘रेमंड’ ही लाकडी बटी १९५८ मध्ये ब्रॉन्स्टनला बांधली होती. ती अजून आहे, स्वयंसेवकांनी सांभाळलेली. तिच्या बहुतेक फळ्या नंतरच्या आहेत. तिला नकली म्हणायची कुणाची हिंमत होत नाही.

शंकासुर, तुमचे प्रश्न बोचरे आहेत आणि बरोबर आहेत. इंजिन मूळ नाही. मूळ स्वीडिश ‘बोलिंडर’ केव्हाच गेलं, आता दोन सिलिंडरचं लिस्टर आहे. रंगाचा तर वेगळाच तमाशा: कंपनी आधी काळा-पांढरा लावायची, नंतर लाल-पिवळा-हिरवा. आमच्यातला एक काळ्या-पांढऱ्यावर अडून बसलाय. दीड तास मीटिंग झाली, त्यात चहाच जास्त झाला.

अभ्या, राहायचं नाही. आमच्यातले दोघे म्हणतात १९७० ची खोली काढून टाकू, मालाची जागा मोकळी करू, वर फळ्या आणि ताडपत्री ताणू, जशी ती होती. कालव्यावर राहणाऱ्यांना कोळसा, डिझेल, गॅस पोचवणाऱ्या बोटी आजही आहेत, त्यातल्या काही अशाच जुन्या. एक म्हातारा सोडतोय तो धंदा, त्याची गिऱ्हाइकं घेता येतील.

बाभळीचा_काटा | ५ मार्च, रात्री ९:४०

अवांतर: बोलिंडर पायाने लाथ मारून सुरू करतात हे खरं का?

तांडेल_नव्हे | ५ मार्च, रात्री १०:०५

अवांतराला अवांतर. हो. आधी ब्लोलँपने सिलिंडरवरचा गोळा लाल होईपर्यंत तापवायचा, तोवर विडी-काडी उरकून घ्यायची. मग फ्लायव्हीलवरची खुंटी पायाने दाबून चाकाला मागेपुढे झोका द्यायचा आणि दाब आला की झटक्यात लाथ. पेटलं तर ‘ठप्... ठप्-ठप्... ठप्’ असा लंगडा ठेका. उलटं पेटलं तर घोट्याला प्लास्टर. रिव्हर्सला गिअर नाही. इंजिन मरणाच्या टोकाला आणून नेमक्या क्षणी इंधनाचा फटका दिला की ते उलटं फिरायला लागतं. नेमका क्षण चुकला तर समोर लॉकचा दरवाजा आहेच. एका मेळाव्यात पाहिलंय, काठावरचे बघे श्वास रोखून उभे. कालव्याकाठी नुसतं बघत उभ्या राहणाऱ्यांना इथे खास शब्द आहे, ‘गोंगूझलर’.

ठोकपीट | ६ मार्च, सकाळी १०:००

मालाची जागा उघडी करणार असाल तर माझं मत लाकडाकडे झुकतं. कारण तांत्रिक आहे. तुमचा तळ कुजला तो फरशा आणि बंद खोलीमुळे. उघड्या बोटीत तळ डोळ्यासमोर राहील, पाणी साचलं तर दिसेल, उपसता येईल. खोली ठेवणार असाल तर पत्रा मारा, कारण खोलीखाली कुणी बघत नाही हे तुमच्या यार्डाने सिद्ध केलंच आहे.

वेंगुर्लेकर | ६ मार्च, सकाळी ११:१५

+१. एक विचारतो. फळ्यांमधल्या फटी कशाने भरता? आमच्याकडे कापूस आणि तेल.

तांडेल_नव्हे | ६ मार्च, रात्री ९:३०

काका, इथे तागाचे डांबरात भिजवलेले धागे. ‘ओकम’ म्हणतात. लोखंडी छिन्नी आणि लाकडी मोगरीने फटीत ठोकायचे, वरून तापवलेलं डांबर. ठोकण्याचा आवाज बदलतो, फट भरत आली की तो पोकळ आवाज जाऊन भरीव होतो. ब्रॉन्स्टनच्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला हे डोळे मिटून ऐकायला लावलं. हातातली मोगरी त्याने काही दिली नाही.

आता तुमच्यासाठी खास. पूर्ण लाकडी बोटींच्या फळ्यांना एक लेप लावायचे, नाव ‘चॅलिको’. डांबर, गायीचे केस आणि घोड्याची लीद एकत्र उकळायची आणि गरमागरम थापायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या घरी शेण-मातीने जमीन सारवतात, तोच हिशोब! लीदेतले गवताचे तंतू आणि केस डांबराला धरून ठेवतात, तडा जाऊ देत नाहीत. त्या कारागिराला सारवणाचं सांगितलं. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘डांबर न घालता?’

आणि सुकलेल्या लाकडी बोटीचा पुनर्जन्म कसा करतात ते तर तुमच्या आजोबांना पटलंच असतं. तिला पाण्यात बुडू देतात. फळ्या फुगतात, फटी मिटतात, मग पंप लावून वर काढतात. कित्येक बोटी तर मुद्दाम बुडवून ठेवलेल्या, पैसे जमेपर्यंत. पाण्याखाली सुरक्षित.

शंकासुर | ६ मार्च, रात्री ९:५५

बरं, बोट वाचवायला बोट बुडवायची. या धाग्यावर मी हरलो तरी चालेल.

पण खर्चाचं सांगा. कोळसा विकून एल्म सुटणार आहे?

तांडेल_नव्हे | ६ मार्च, रात्री १०:२०

नाही सुटणार. कोळशातून डिझेल, लायसन्स आणि विमा सुटला तरी गंगेत घोडं न्हालं. लाकडाचे पैसे खिशातून. दर चार वर्षांनी सुरक्षा प्रमाणपत्र, त्यात गॅस, वीज, शेगडी, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सगळं तपासतात. तो खर्च वेगळा. फुकट एकच गोष्ट आहे: रोज संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर मागच्या ग्रीसच्या कपाला एक पीळ द्यायचा, म्हणजे पंख्याच्या दांड्यातून पाणी आत येत नाही. आमच्यातला एकजण ते एका रविवारी विसरला. सोमवारी इंजिनाच्या खोलीत घोट्याएवढं पाणी.

अभ्या_रॉटरडॅम | ८ मार्च, सकाळी ६:३०

निर्णय झाला का? मीटिंग कालच होती ना.

तांडेल_नव्हे | ८ मार्च, रात्री ११:००

झाला. ३-१ ने एल्म. खोली उन्हाळ्यात काढायची. रंगाचा विषय दिवाळीपर्यंत तहकूब (दिवाळी माझ्या घरी, तेव्हा आचारी माझा आणि मतं माझी).

ज्याचं एक मत विरुद्ध गेलं तो पत्रावाला. तो वेल्डर आहे. बरीच वादावादी झाली, मग तोच म्हणाला की बाजूच्या दोन खड्ड्यांवर तुकडा मी लावणार, रिव्हेट मारून, वेल्ड नाही. ठोकपीटकाका, त्याला तुमची पोस्ट भाषांतर करून वाचून दाखवली होती. तो म्हणाला, हा माणूस बरोबर बोलतो, याला विचार की रिव्हेट किती लाल करायचा.

ठोकपीट | ९ मार्च, सकाळी ८:१०

लाल नाही. नारंगी-पिवळा काढायचा, ठोकेपर्यंत लाल होतो. काळा पडायला लागला की हात थांबवायचा, नाहीतर डोकं तडकतं. आतून जड हातोडा टेकवून धरणारा माणूस तगडा पाहिजे. आकसताना रिव्हेटच दोन्ही पत्रे आवळतो.

मृण्मयी | २ मे, सकाळी ७:१५

धागा वर काढतेय. लाकूड मिळालं का?

तांडेल_नव्हे | ३ मे, रात्री ९:४५

मिळालं! स्कॉटलंडच्या बाजूने, वादळात पडलेले दोन मोठे एल्म. एका लाकूड गिरणीवाल्याने कापून दिले. पहिल्या अठ्ठावीस फळ्या परवा ट्रकने आल्या. ओल्याकंच, तांबूस-तपकिरी, आणि एकेकीवर असे वळसे की त्यावर टेबल करावंसं वाटतं. डॉकची तारीख मात्र जुलैची. तोवर या ठेवायच्या कुठे यावर दिवसभर डोकं खाल्लं. शेडमध्ये ठेवल्या तर वाळून वाकतील. शेवटी कालव्याच्या मालकांकडे रीतसर विचारलं आणि काठालगत, बोटीच्या बाजूलाच पाण्यात सोडल्या. दोऱ्या बांधल्या आणि वर त्याच जुन्या फुटपाथच्या फरशा ठेवल्या.

वेंगुर्लेकर | ३ मे, रात्री १०:००

फरशांचा शेवटी उपयोग झाला म्हणायचा!

शंकासुर | ३ मे, रात्री १०:०४

एक शंका. उघड्यावर, पाण्यात, इतकं महागाचं लाकूड. चोरीला नाही ना जाणार?

तांडेल_नव्हे | ३ मे, रात्री १०:१२

ओली फळी आम्हा दोघांना कशीबशी उचलते. जो एकटा नेईल त्याला जुलैत कामाला ठेवू.